उजव्या हाताची बाराखडी

भाषेच्या मास्तराची खोड अशी, की रोग पुढ्यात उभा राहिला तरी तो आधी त्याचे नाव चाचपून पाहतो. वैद्यांच्या पोथ्यांत ज्याला पक्षाघात म्हटले आहे, त्यालाच पुण्या-मुंबईची मंडळी अर्धांगवायू म्हणतात, आमच्या वऱ्हाडात लकवा म्हणतात आणि डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. लकवा हा शब्द अरबीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच. पक्ष म्हणजे बाजू, आणि पंखसुद्धा. अर्धांग हा शब्द तर आपण एरवी बायकोसाठी राखून ठेवलेला! पण मौज अशी की या देशी नावांपैकी एकातही मेंदूचा उल्लेख नाही. हात लुळा पडला, पाय ओढू लागला, तोंड वाकले. जेथे दिसले तेथे लोकांनी नाव ठेवले. हाताचे मात्र काहीच बिघडलेले नसते. त्याची हाडे, सांधे, स्नायू सारे जागच्या जागी असतात. त्याला हुकूम देणारा वर कवटीत बसलेला असतो, आणि घाला पडतो तो त्याच्यावर.

दिवाळीच्या अंकात, चकलीच्या आणि चिवड्याच्या वासात, हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. माझे उत्तर सरळ आहे. २९ ऑक्टोबर हा दिवस जगभर स्ट्रोकविषयी जागृतीचा म्हणून पाळतात, आणि तो बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतो. दुसरे असे, की दिवाळीला सारे कुटुंब एका छपराखाली जमते. आणि ज्या घरात लकव्याचा माणूस आहे, तेथे त्याच्याशी कसे वागावे हे सारे कुटुंब मिळूनच ठरवू शकते. घरोघरी त्याची सेवा मनापासून होते. परंतु त्या सेवेतच एखादे वेळी त्याचा हात कायमचा हरवतो, आणि तो सेवेमुळे हरवला हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

हा श्रीमंतांचा, शहरी माणसाचा रोग, अशी एक समजूत आहे. ती आपल्याच विदर्भाने खोटी ठरवली आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेत काम करीत असता मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंचा दोन वर्षे पाठपुरावा केला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे शेकडा १४.३, स्ट्रोकने झालेले निघाले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने तेथे इतकी माणसे दगावली नव्हती. हा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. दगावलेल्यांतले बहुतेक आपापल्या घरीच गेले. जे वाचतात, त्यांची मोजदाद अशा आकड्यांत होत नाही. ते ओसरीवरच्या बाजेवर असतात.

आमच्या संग्रामपुरातही अशा बाजा आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे खारपाणपट्ट्याचे खोरे आणि मध्ये कपाशी, तूर, सोयाबीन यांची शेते, असा आमचा तालुका. येथे लकवा झाला की अजूनही कोणी तेल चोळा म्हणतो, कोणी कबुतराचे रक्त लावा म्हणतो, कोणी दूरच्या एखाद्या देवस्थानाचे नाव सुचवतो. माझे चुलते, ज्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी मोठेबाबा म्हणतो, त्यांना गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी लकवा झाला. बैलांना हळद-तूप चोळता चोळता उजवा हात खाली पडला. चोळामोळ करण्यात दुपार गेली. अकोल्याच्या एका रुग्णालयात पोचेतो दिवस मावळला होता. रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने झटका आला असेल आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नसेल, तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत. ती वेळ निघून गेली होती. म्हणून आधी एवढे लक्षात ठेवा: तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळले, यांतले एक जरी एकाएकी दिसले तर तेलाची बाटली शोधू नका, १०८ क्रमांक फिरवा.

वाचा तेवढी शाबूत राहिली. शब्द जड आले, पण आले. शुद्धीवर आल्यावर मोठेबाबा पहिले वाक्य बोलले ते असे: “हात मायाच हाये, पन मायं आयकत नाई.” मी पंचवीस वर्षे मराठी शिकवतो आहे, या रोगाचे याहून अचूक वर्णन मला कोठे आढळलेले नाही.

हा हात कोणाचे ऐकतो? १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेचा हलका स्पर्श केला, आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे माँट्रियलचे शल्यविशारद पेनफिल्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना या भागाचा नकाशाच तयार केला. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. कानाच्या वरून डोक्याच्या मध्यापर्यंत जाणारी ही एक पट्टी. तिच्यात साऱ्या शरीराची जमीन वाटून दिलेली आहे. पण वाटणी मोठी अन्यायाची! एवढ्या मोठ्या पाठीला जेमतेम एक वाफा, आणि अंगठा, बोटे, ओठ, जीभ यांना पाच-पाच एकरांची शेते. कारण उघड आहे. ओझे पेलायला थोडी अक्कल पुरते. सुईत दोरा ओवायला फार लागते. या पट्टीतून निघालेले तंतू खाली येतात आणि मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो त्या जागी बहुतेक सारे बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूवर घाला पडला की उजवा हात जातो.

रक्त तुटले की त्या भागातील पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. बराच काळ वैद्यकातही समज असा होता, की मोठ्या माणसाचा मेंदू म्हणजे भाजलेले मडके. फुटले ते फुटले. मग काही रुग्णांचे हात पुन्हा कसे चालू लागतात?

आमच्याकडच्या माणसाला हे एका उदाहरणाने समजते. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पाऊस कोसळला की रस्ते तुटले, वाहून गेले. डांबरी रस्ता तुटल्यावर माणसे घरी बसतात काय? पांदणीने जातात. पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. ती होतीच, पक्का रस्ता असताना तिच्याकडे कोणी पाहत नव्हते एवढेच. पहिल्या दिवशी चिखल, काटे, चाके रुततात. रोज गाड्या गेल्या की ती दबते, रुंदावते, रस्त्यासारखी होते. आणि गेले नाही, तर एका पावसाळ्यात तिच्यावर तरोटा माजतो.

मेंदूत जवळजवळ असेच घडते. पहिल्या काही दिवसांत सूज उतरते आणि धक्क्याने नुसते गप्प झालेले भाग बोलू लागतात. ही सुधारणा आपोआपची. त्यानंतर, साधारण पहिल्या तीन महिन्यांत, मेंदूत एक वेगळी लगबग चालते. मेलेल्या भागाच्या आसपासच्या पेशी नवे अंकुर फोडतात, आजवर दबलेले जोड उघडे पडतात, मुख्य पट्टीच्या पुढचे आणि वरचे भाग मदतीला येतात. मेंदूची चालती चित्रे घेऊन पाहिले तेव्हा असे दिसले, की सुरुवातीला रुग्णाने दुबळा हात हलवला तर मेंदूच्या दोन्ही बाजूंना खळबळ होते. घरात कोणी आजारी पडले की शेजारपाजार धावून यावा तसे. पुढे ज्यांचा हात चांगला सुधारतो, त्यांच्यात ही गर्दी ओसरते आणि काम पुन्हा ज्याच्या त्याच्या बाजूला, मूळ घरी, जाते. ज्यांचा हात फारसा सुधारत नाही, त्यांच्यात ती गर्दी बहुधा तशीच राहते.

पण ही वाट कोणी चालल्यावाचून रुळत नाही. १९९६ साली रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान जातीच्या माकडांवर केलेला प्रयोग फार बोलका आहे. हाताच्या शेतातला थोडासा भाग मेला, आणि हाताला काही काम दिले नाही, तेव्हा शेजारचा जिवंत भागही हाताच्या नावावरून निघून गेला. ज्या माकडांना लहानशा खळग्यांतून दाणे वेचण्याचा सराव रोज दिला, त्यांच्यात उरलेली जमीन हाताकडे टिकली. काहींत तर कोपर आणि खांदा यांच्या हद्दीतही बोटांनी पाय पसरले. थोडक्यात, मेंदूत कसेल त्याची जमीन हा कायदा आहे.

याच कायद्याची दुसरी बाजू एडवर्ड टॉब यांनी दाखवली. दुबळा हात आरंभी वापरून पाहिला जातो, अपयश येते, आणि दुसरा हात चटकन काम उरकतो. असे काही आठवडे गेले की दुबळ्या हातात थोडी ताकद परत आली तरी माणूस तो वापरतच नाही. न वापरणे हीच त्याला सवय लागते. यावर टॉब यांचा उपाय असा, की चांगल्या हाताला पिशवीसारखा मोजा घालून बांधून ठेवावे आणि दुबळ्याकडून दिवसभर काम घ्यावे. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत या दोन आठवड्यांच्या सक्तीचा फायदा वर्षभरानंतरही दिसला. मात्र मनगट आणि बोटे निदान थोडी तरी उघडतात, अशांनाच हा उपाय लागू पडतो. हे विसरून कोणी घरच्या घरी हात बांधू नये.

आता आमच्या ओसरीवर या. रुग्णालयातून आल्यावर मोठीआईने जी सेवा मांडली, ती पाहून सारे गाव तिला नावाजू लागले. पाण्याचा पेला तोंडाशी, घास तोंडात, सदऱ्याची बटणे तिच्या हाताने, अंगावर बसलेली माशीसुद्धा तीच हाकलणार. मोठेबाबांना काहीच करावे लागत नव्हते. उजवा हात उशीवर एखाद्या पाहुण्यासारखा ठेवलेला असे.

खामगावहून आठवड्यातून दोनदा एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “आजी, पेला तुम्ही धरू नका. त्यांना धरू द्या.”

मोठीआईला ते फार लागले. ती म्हणाली, “ज्या मानसानं पन्नास वर्स मले पोसलं, त्याले म्या आता हातानं जेवू बी नोको घालू काय?”

यावर त्या बाईंनी वाद घातला नाही. “घाला ना,” त्या म्हणाल्या, “पण पहिले पाच घास त्यांचे. सांडू द्या. सहावा तुमचा.”

हा तह झाला. पाच घासांना अर्धा तास लागे आणि निम्मे वरण सदऱ्यावर जाई. मोठीआई तोंड फिरवून बसे. तिला ते पाहवत नसे. पण तिने शब्द मोडला नाही. माझ्या मते त्या घरातली सर्वांत कठीण सेवा हीच होती: हात पुढे न करण्याची.

वाचकहो, येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. घरच्यांनी थोडे शिकून घेतले की तज्ज्ञाची गरज संपली, असे कोणी समजू नये. आपल्याच देशात १४ रुग्णालयांमधील १२५० रुग्णांवर हे तपासून पाहिले गेले. कुटुंबीयांना शिकवून त्यांच्याकडून घरी व्यायाम करवून घ्यायचा, अशी ती योजना होती. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांत काही फरक आढळला नाही. प्रेम आहे म्हणून मेंदू बदलत नाही. नेमके काम, पुरेशा वेळा आणि रोज थोडे अधिक अवघड, असे लागते. पुरेशा वेळा म्हणजे किती? प्रयोगशाळेतल्या जनावरांकडून एकेक हालचाल दिवसाला शेकडो वेळा करून घेतात. अमेरिकेतील केंद्रांत प्रत्यक्ष मोजले, तेव्हा एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ निघाल्या! घाईही तितकीच वाईट. झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवण्याची मोठी चाचणी पाच देशांत झाली. २०१५ साली तिचा निकाल आला, तो असा की त्या घाईने रुग्णांचे थोडे नुकसानच झाले.

तेव्हा बाईंनी घरातलीच कामे हेरली. खेळणी आणि यंत्रे येथे कोठून आणणार? पण कापूस तर आमच्या घरात होताच. बोंडातून कापूस ओढायचा, तर अंगठा आणि दोन बोटे एकत्र यावी लागतात. सरकी वेगळी करायची तर त्याहून अधिक. मग आरसा आला. दोन हातांच्या मध्ये आरसा असा उभा धरायचा, की चांगल्या हाताचे प्रतिबिंब दुबळ्याच्या जागी दिसावे. चांगला हात हलवला की दुबळाच हलल्याचा भास होतो. ही युक्ती आपल्या तमिळनाडूत जन्मलेल्या डॉ. विलयनूर रामचंद्रन यांची. हात कापलेल्या माणसांना तुटल्या हाताच्या ज्या वेदना होतात, त्यांवर त्यांनी ती प्रथम योजली, आणि १९९९ साली तिचा लकव्यावरचा पहिला छोटा अनुभव प्रसिद्ध झाला. गावातली पोरे हा आरशाचा खेळ पाहायला जमत.

गेली दिवाळी आली तेव्हा पोळ्याला दोन महिने झाले होते. म्हणजे मेंदूची लगबग ऐन भरात होती. मोठीआईने पणत्यांच्या वाती वळण्याचे काम मोठेबाबांकडे दिले. पुरुषमाणसाने वाती वळाव्यात, याचे त्यांना आधी हसू आले. पहिल्या दिवशी एक वात झाली. ती वात कमी आणि बोळा अधिक होता. लक्ष्मीपूजनापर्यंत त्यांनी एकवीस वळल्या.

आणि एक काम त्यांनी आपले आपण निवडले. मोठेबाबांची शाळा दुसरीत सुटली. पुढे तरुणपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन ते सही शिकले. त्या सहीचा त्यांना शेतापेक्षा अधिक अभिमान. लकव्यानंतर एका बँकेत त्यांना सांगण्यात आले, “बाबा, आता अंगठाच द्या.” ते काही न बोलता परत आले आणि मला म्हणाले, “पाटी आन.” मी पाटी आणली. उभी रेघ, आडवी रेघ, गोल. मग अ. सत्तरीचा माणूस पुन्हा बाराखडी गिरवू लागला. कोणी सुचवले, डाव्या हाताने सही शिका, लवकर येईल. त्यात चुकीचे काही नव्हते. पुष्कळांना तोच मार्ग घ्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा नाही. पण बाईंनी सांगितले, की बोटे थोडी उघडत आहेत तोवर उजव्याला सोडू नका.

हे गिरवणे पाहताना मला एका परदेशी कवी-प्राध्यापकाची हकीकत आठवे. पेद्रो बाख-ई-रिता हे न्यूयॉर्कमध्ये शिकवीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, त्यांना मोठा झटका आला. त्यांचा वैद्यकीचा विद्यार्थी असलेला मुलगा जॉर्ज याने त्यांना चालायला शिकवण्याआधी रांगायला शिकवले. शेजारी नावे ठेवत. म्हाताऱ्या प्राध्यापकाला जनावरासारखे रांगवतो म्हणत. आपल्याकडे रांगता बाळकृष्ण देव्हाऱ्यात असतो, म्हणून आपण कदाचित इतके बोललो नसतो! पेद्रो पुढे चालू लागले आणि शिकवायलाही गेले. १९६५ साली कोलंबियात डोंगर चढत असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात दिसले, की मेंदूतून खाली जाणाऱ्या तंतूंची नासाडी कधीच भरून आली नव्हती. थोडक्या उरलेल्या तंतूंवर हा माणूस डोंगर चढत होता. त्यांचा दुसरा मुलगा डॉ. पॉल याने पुढे सारे आयुष्य मेंदूच्या या बदलण्याच्या शक्तीचा अभ्यास केला.

अशा कथांनी हुरळूनही जाऊ नये. २०२३ साली टमार माकिन आणि जॉन क्राकॉवर या दोन शास्त्रज्ञांनी बजावले, की मेंदूचा एक भाग एकाएकी दुसऱ्याचे काम शिकतो ही कल्पना फुगवलेली आहे. जे आधीपासून होते तेच सरावाने बळावते. म्हणजे पुन्हा आपली पांदणच. जेथे पांदणही उरली नाही, मोठा पट्टाच्या पट्टा वाहून गेला, तेथे कितीही गिरवले तरी बोटे परत येत नाहीत, आणि तो रुग्णाचा आळस नसतो. अशा माणसाला ‘मन लावत नाहीस’ असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. तीन महिने उलटले म्हणून दार बंद होते असेही नाही. पुढची चढण तेवढी उभी होते.

मोठेबाबांचे म्हणाल, तर बटण अजून लागत नाही आणि थंडीत बोटे आखडतात. या वर्षी उन्हाळ्यात मात्र ते त्याच बँकेत गेले आणि उजव्या हाताने सही केली. ती जुन्या सहीशी जुळेना. अक्षर मोठे, तिरपे, शिरोरेघ तुटक. अधिकारी अडले. अखेर नव्या सहीचा नमुना घेण्यात आला, आणि आता तीच चालते. मला वाटते, बरे होणे म्हणजे बहुधा हेच. जुना हात परत मिळत नाही. एका नव्या हाताची ओळख पटवून द्यावी लागते, आधी स्वतःला आणि मग जगाला.

शहरातल्या वाचकांना आमच्यापेक्षा कितीतरी सोयी आहेत. मुंबईला केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकातच सुरू झाले. हाजीअलीची पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ ची. आता तर गल्लीच्या टोकाला व्यायामाचे केंद्र असते. तरीही दिवसाचे तेवीस तास रुग्ण घरीच असतो. तेव्हा त्याचा दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. रक्तदाबाची गोळी चुकू देऊ नका. दुसरा झटका पहिल्याहून वाईट असू शकतो. तो उगाच रडला किंवा हसला तर रागावू नका. तेही बहुधा मेंदूचेच दुखणे असते. खिन्न होऊन गप्प बसला तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. आणि या दिवाळीत घरातली कामे वाटाल, तेव्हा एक काम त्याच्या नावावर ठेवा: चिवड्यातले शेंगदाणे वेचण्याचे, पणत्या पुसण्याचे, वाती वळण्याचे. त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ हात मागे घेऊन बसा.